‘अजून एक वर्ष’ हा हिशेब का चुकतो: श्रीलंकेतून फौज परत आणण्याबद्दल

प्रश्न असा आला आहे: “माझे काका पायदळात हवालदार होते आणि भारतीय शांतिसेनेबरोबर (आयपीकेएफ) श्रीलंकेत होते. ते म्हणतात, आम्ही जिंकत आलो होतो, अजून एक वर्ष दिलं असतं तर प्रभाकरन तेव्हाच संपला असता, पण दिल्लीने कच खाल्ली. तुम्ही स्वतः तिथे होतात, तरी फौज परत आणली ते योग्यच झालं असं म्हणता. कसं काय?”

काकांना आधी माझा रामराम सांगा. त्यांच्याशी वाद घालायला मला संकोच वाटतो. जड एसएलआर खांद्याला लावून ज्यांनी ताडाच्या बनांतून गस्त घातली, त्यांच्या ‘आम्ही जिंकत होतो’ला नकाशे रंगवणाऱ्या माझ्यासारख्याने खोटं पाडू नये. मी तेव्हा कॅप्टन होतो. १९८८ च्या उन्हाळ्यापासून १९९० च्या मार्चपर्यंत बहुतेक काळ पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीत होतो. माझ्याकडे हालचालींचं काम होतं: कोणती पलटन कुठून कुठे, किती गाड्या, कोणती बोट, रस्ता आज उघडा की बंद. लढाई मी काकांच्या मानाने लांबून पाहिली, माघार मात्र अगदी जवळून.

आमच्याकडे ठाणी रिकामी करतानाचा एक तक्ता असायचा. ठाण्याचं नाव, माणसं, दारूगोळा, गाड्या, निघण्याची तारीख. शेवटचा रकाना होता ‘ताबा कोणाला’. माझं जे काही मत झालं आहे ते त्या शेवटच्या रकान्यामुळे झालं आहे, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

काकांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्यात शिरलो तेव्हा आपली अवस्था बिकट होती. ५४ वी डिव्हिजन शांतता राखायची म्हणून उतरली होती, लढायची म्हणून नव्हे. धड नकाशे नव्हते. समोरच्याकडे, म्हणजे प्रभाकरनच्या तमिळ वाघांकडे (एलटीटीई), एके-४७ होत्या, रस्तोरस्ती पुरलेले सुरुंग होते, आणि त्यातल्या अनेकांना बंदूक धरायला आपल्याच देशात शिकवलेलं होतं. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकच जिवंत राहिला, तोही कैदी होऊन. तरीही महिना संपायच्या आत जाफना शहर आपल्या हातात होतं. पुढच्याच महिन्यात, २५ नोव्हेंबरला, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं. मुंबईत शिकलेला हा माणूस त्या मोहिमेतल्या एकमेव परमवीर चक्राचा मानकरी.

१९८८ उजाडेपर्यंत चार डिव्हिजन तिथे होत्या, माणसं सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात. शहरं आपल्याकडे होती आणि वाघ मुल्लैतिवूच्या जंगलात रेटले गेले होते. नित्तिकैकुलमच्या रानात ‘चेकमेट’ मोहिमेत जे लढले त्यांना शत्रू मागे सरकताना डोळ्यांनी दिसत होता. काका खोटं बोलत नाहीत.

मग अजून एक वर्ष का नको?

कारण ‘अजून थोडं’ हे शब्द मी त्या मोहिमेबद्दल एकदाच ऐकलेले नाहीत. ऑक्टोबर १९८७ मध्ये ते काही दिवसांचं काम होतं. मग ते उत्तर-पूर्व प्रांताच्या निवडणुका होईपर्यंतचं झालं. निवडणुका झाल्या १९ नोव्हेंबर १९८८ ला, डिसेंबरात वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले, आणि मग ते त्यांचं सरकार स्थिर होईपर्यंतचं झालं. दरवेळी मुदत पुढे सरकली ती शत्रू तगडा झाला म्हणून नव्हे. जो जमिनीवर टिकून राहायचा त्याला फक्त टिकायचंच होतं, आणि आम्हाला रोज जिंकावं लागत होतं.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत आला आणि १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला वारला. मधल्या काळात तो हरला म्हणावं अशी लढाई शोधूनच काढावी लागते. किल्ल्यामागून किल्ला घेत गेला. एक घेईपर्यंत मागचा परत जायचा. आपण ही गोष्ट लहानपणापासून मावळ्यांच्या बाजूने ऐकत आलो. जाफन्यात आपण पहिल्यांदाच बादशाही छावणीत बसलो होतो. स्टाफमध्ये मी हे एकदा बोललो तेव्हा एक वरिष्ठ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पुढे काही बोलले नाहीत.

आता काकांना विचारा, आपण गेलो कशासाठी होतो? २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्रपती जयवर्धने यांनी करार केला. त्यात वाघांनी आणि इतर गटांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या लष्कराने बराकीत परतायचं, उत्तर आणि पूर्व मिळून एक प्रांत करून तमिळांना त्यात कारभार द्यायचा, असं ठरलं. करारासोबतच्या परिशिष्टात लिहिलं होतं की गरज पडल्यास श्रीलंकेचे राष्ट्रपती भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतात. नीट वाचा: बोलावू शकतात. आणि ज्यांच्याकडून शस्त्रं घ्यायची होती त्या वाघांची त्या कागदावर सही नव्हती. दोन माणसांनी तिसऱ्याच्या वतीने करार केला आणि तो पाळून घ्यायला चौथ्याच्या घरची मुलं पाठवली.

करार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० जुलैला, कोलंबोत मानवंदना घेत असताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. डोक्यावरचा नेम थोडक्यात हुकला, घाव खांद्यावर निभावला. सिंहली दक्षिण या कराराकडे कसं बघत होती, हे त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं. पंतप्रधान प्रेमदासांचा विरोध तर उघड होता. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या सिंहली पक्षाने भारतविरोधाचं हत्यार करून सरकारविरुद्ध बंड पेटवलं.

उत्तरेत सुरुवातीला आपल्या जवानांच्या गळ्यात हार पडले होते, हे खरं आहे. ते किती लवकर सुकले तेही खरं आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये वाघांचा तिलीपन जाफन्यात नल्लूरच्या देवळाजवळ उपोषणाला बसला आणि बाराव्या दिवशी गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या वाघांनी पलालीच्या तळावर सायनाइड खाल्लं, बारा जण गेले, आणि त्याच आठवड्यात युद्ध सुरू झालं. मी पूर्वेला पोचण्याच्या थोडंच आधी, १९८८ च्या मार्च-एप्रिलमध्ये, बट्टिकलोआत पूपती नावाची एक प्रौढ बाई, मुलाबाळांची आई, मामांगमच्या देवळात उपोषणाला बसली होती. मागण्या दोनच: युद्ध थांबवा आणि वाघांशी बोला. महिन्याभराने ती गेली. तिच्यामागे वाघ होते, तिला त्यांनी वापरलं, हे सगळं मान्य. पण मी पोचलो तेव्हा बट्टिकलोआच्या बाजारात तिचं नाव ज्या आवाजात घेतलं जायचं, तो आवाज वाघांनी शिकवलेला नव्हता.

एक गोष्ट आपण मराठीत फारशी बोलत नाही, ती बोलायला हवी. २१ ऑक्टोबर १९८७ ला जाफन्याच्या मोठ्या इस्पितळात आपल्या जवानांच्या गोळ्यांनी रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरैत आपल्या गस्तीवर हल्ला झाल्यानंतर पन्नासहून जास्त गावकरी मेले. वाघांनी आपल्या शांतिसेनेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘इनोसंट पीपल किलिंग फोर्स’ असा अर्थ लावला तेव्हा आम्हाला संताप आला. तो संताप मी समजू शकतो. पण ज्या घराआडून आलेल्या गोळीने शेजारचा मित्र पडला त्या घराकडे बावीस वर्षांचा पोरगा कसा बघतो, हेही मला ठाऊक आहे. दोष त्या पोराच्या आईबापांच्या संस्कारांत नाही. परक्या गावात, भाषा कळत नसताना, कोण शत्रू हे चेहऱ्यावरून ओळखता येत नसताना फौज जितकी जास्त ठेवाल तितक्या अशा तारखा वाढणार. ‘अजून एक वर्ष’ मागणाऱ्याने याचाही हिशेब धरायचा असतो. तो कधीच धरला जात नाही.

पण माझ्या मते हे कारणही शेवटचं नाही. शेवटचं कारण आलं १९८९ मध्ये, कोलंबोहून.

प्रेमदासा २ जानेवारी १९८९ ला राष्ट्रपती झाले. वसंतात त्यांनी वाघांशी बोलणी सुरू केली. १ जूनला जाहीर सभेत सांगून टाकलं की भारतीय फौजेने २९ जुलैपर्यंत देश सोडावा. ज्यांच्या निमंत्रणावर आपण गेलो होतो त्यांच्याच गादीवरच्या माणसाने निमंत्रण परत घेतलं. इतकंच नाही, त्यांच्या सरकारने वाघांना आपल्याशी आणि आपल्या बाजूच्या तमिळ गटांशी लढायला हत्यारं दिली. हे पुढे श्रीलंकेतच उघडपणे बोललं गेलं. आम्हाला ते तेव्हाच पकडलेल्या मालावरून जाणवत होतं.

आता जरा थांबून हे चित्र बघा. आपला जवान श्रीलंकेच्या अखंडतेसाठी श्रीलंकेच्या जमिनीवर गस्त घालतोय. त्याच्यावर गोळी झाडणारा श्रीलंकेचे तुकडे करायला निघालाय. आणि त्या गोळीचे पैसे श्रीलंकेचं सरकार भरतंय. अशा ठिकाणी एक वर्ष काय, दहा वर्षं द्या. शत्रूचा शेवटचा माणूस मारलात तरी ती जागा तुम्ही कोणाच्या हवाली करणार? कोलंबोच्या लष्कराच्या? मग तमिळांना दिलेल्या शब्दाचं काय? पेरुमाळांच्या सरकारच्या? ते आपल्या पिकेटच्या, म्हणजे पहाऱ्याच्या ठाण्याच्या, आड बसलं होतं म्हणून उभं होतं. रकाना रिकामाच.

आमच्याकडे सांगलीकडचे एक सुभेदार होते. प्रेमदासांचं भाषण रेडिओवर ऐकल्यावर लंगरात बसून ते म्हणाले, “साहेब, घरधनी ऊठ म्हणाला की पाव्हण्यानं ताटावरनं उठायचं. पोट भरलं का न्हाई, ते घरी जाऊन बघायचं.” परराष्ट्र धोरणावर मी नंतर बरंच वाचलं. याहून नेमकं फार कमी सापडलं.

काकांच्या मनात आणखी एक गोष्ट असणार. ती ते बोलले नसतील, पण प्रत्येक फौजीच्या मनात असते. इतके जण गेले, ते काय उगाच? आपले सुमारे १,२०० जवान तिथे पडले, त्याहून कितीतरी जास्त जायबंदी झाले. हा युक्तिवाद सगळ्यांत जड आहे आणि मी त्याला कधीही हलक्यात घेत नाही. ट्रंका मीच पाठवत होतो. माणूस गेला की त्याचं सामान घरी जायचं: गणवेश, पत्रं, बायकोसाठी घेतलेली जपानी साडी, कधी त्रिंकोमालीच्या दुकानातला टू-इन-वन. त्याची यादी करून सही घ्यायची असते. एका यादीत ‘घड्याळ, चालू’ असं लिहिल्याचं मला अजून आठवतं.

पण याच यादीमुळे मला तो युक्तिवाद उलटा दिसायला लागला. गेलेल्याचं देणं गेलेल्याला फेडता येत नाही. ते फेडायला म्हणून जो पुढचा पाठवाल तो नवं देणं होतो. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये हेच केलं. १९६९ च्या सुरुवातीला निक्सन आले तेव्हा युद्ध जिंकता येणार नाही हे वॉशिंग्टनमध्ये अनेकांना कळलेलं होतं. ‘सन्मानाने शांतता’ हवी म्हणून आणखी चार वर्षं लढले. जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसला करार झाला, एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडलं. अमेरिकेचे एकूण साधारण ५८ हजार गेले, त्यातले वीस हजारांहून जास्त त्या शेवटच्या चार वर्षांतले. निकालात काडीचा फरक पडला नाही. आधी गेलेल्यांचा सन्मान राखायला म्हणून गेलेली ती वीस हजार माणसं.

दुसरी शंका इभ्रतीची. शेजाऱ्याने डोळे वटारले आणि आपण बिस्तरा गुंडाळला, असं जग म्हणेल. १९८९ मध्ये दिल्लीत ही भीती खरी होती, आणि एका अर्थी रास्तही. म्हणूनच मला त्या वेळच्या एका निर्णयाचं कौतुक वाटतं. २९ जुलैला देश सोडा असं प्रेमदासा म्हणाले होते. आपण त्या तारखेला देश सोडला नाही. त्या तारखेला काही शेकड्यांची पहिली तुकडी बोटीत चढवली आणि बाकीच्यांचं वेळापत्रक आपण ठरवू असं सांगितलं. पुढे १८ सप्टेंबरचा करार झाला, २० तारखेपासून आपण चढाईच्या कारवाया थांबवल्या. डिसेंबरात दिल्लीत व्ही. पी. सिंग आले, त्यांनी परतीवर शिक्का मारला, आणि २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची बोट सुटली. पहिल्या तुकडीपासून शेवटच्या बोटीपर्यंत जवळजवळ आठ महिने. याला पळ काढणं म्हणत नाहीत. पळ कसा असतो ते १५ ऑगस्ट २०२१ ला काबूलच्या विमानतळावर सगळ्यांनी पाहिलं.

या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘परत या’ म्हणणाऱ्यांनाही ते माहीत नसतं. फौज निम्मी केली की जबाबदारी निम्मी होत नाही. समजा साठ किलोमीटरचा रस्ता चार पलटनी उघडा ठेवतात: पहाटे रोड ओपनिंग पार्टी चालत जाते, पूल आणि मोऱ्या तपासते, उंचवट्यांवर माणसं बसतात, मग ताफा जातो. त्यातल्या दोन पलटनी घरी पाठवल्या तर रस्ता तीस किलोमीटरचा होत नाही. तो साठच राहतो. म्हणजे माघारीचा शेवटचा तिसरा हिस्सा सर्वांत धोक्याचा, आणि तेव्हाच सगळ्यांची मनं घरी पोचलेली असतात. यावर उपाय एकच: जमीनही माणसांबरोबर सोडत जायची. आम्ही कड्याकड्याने आत आलो. अंपाराईचा भाग आधी सोडला, त्रिंकोमाली अगदी शेवटी, कारण बंदर आणि चायना बेचा विमानतळ तिथे. सुरुंग काढणारे इंजिनिअर आणि शल्यचिकित्सेची सोय शेवटपर्यंत हलवायची नाही. कॅन्टीनचा माल, जुने तंबू, नादुरुस्त गाड्या यांचा मोह सोडायचा. जुन्या तंबूंवरून मी जितकी भांडणं ऐकली तितकी तोफांवरून ऐकली नाहीत.

आणि आता ती बाजू, जिच्यापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो.

आपण परत येणार हे नक्की झाल्यावर पेरुमाळांच्या सरकारला आधार म्हणून तमिळ नॅशनल आर्मी उभी करण्यात आली. उभी केली म्हणजे काय, तर पेरुमाळांचा पक्ष ईपीआरएलएफ आणि त्याच्या जोडीच्या गटांनी शाळेत जाणारी, मासे मारणारी, सिनेमाच्या रांगेत उभी असलेली पोरं धरून आणली. काही आठवड्यांचं शिक्षण, हातात आपण दिलेली बंदूक, आणि आपली पिकेट त्यांच्या ताब्यात. यातली काही मी पाहिली आहेत. एकाच्या डोक्यावर टोपी इतकी मोठी होती की दर दोन मिनिटांनी तो ती वर सारायचा. आमची पलटन निघाली की दोन-चार दिवसांत वाघ यायचे. पोरं पळायची, शरण जायची किंवा मारली जायची, आणि आपण दिलेली हत्यारं वाघांच्या कोठारात जमा व्हायची. १ मार्च १९९० ला पेरुमाळांनी स्वतंत्र ईलमची (तमिळ राष्ट्राची) घोषणा केली, त्याच महिन्यात ते भारतात आले. जूनमध्ये त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभा आणि त्यांच्या डझनभर साथीदारांना वाघांनी थेट मद्रासमध्ये येऊन मारलं.

हे सगळे आपल्या भरवशावर उभे राहिलेले लोक होते. ‘फौज परत आणा’ म्हणणाऱ्याने हे बिल आपल्या नावावर मांडून घ्यायला हवं. मी माझ्या नावावर मांडतो. फक्त एवढंच म्हणतो की ते बिल एक वर्षानंतरही तेवढंच आलं असतं, कदाचित मोठं. चूक परतण्यात नव्हती. धरून आणलेल्या पोरांच्या हातात बंदूक दिली की ‘ताबा कोणाला’ हा रकाना भरला, असं आपण स्वतःला समजावलं, ती चूक होती. तेव्हा करायचं होतं ते वेगळं: ज्यांनी आपल्याला साथ दिली त्यांना, त्यांच्या बायकामुलांसकट, आपल्या बोटींवर आधी जागा द्यायची. काहींना मिळाली, फार उशिरा आणि फार थोड्यांना. जागा नव्हती असं मी म्हणू शकत नाही. जुने तंबू बोटीत होते.

मागे ठेवलेला माणूस टिकतो की नाही हे कशावर ठरतं, याचा नमुना त्याच वर्षीचा आहे. सोव्हिएत फौज १५ फेब्रुवारी १९८९ ला अमू दर्यावरचा पूल ओलांडून अफगाणिस्तानातून बाहेर पडली. त्यांनी मागे ठेवलेले राष्ट्रपती नजीबुल्ला काही आठवडेही टिकणार नाहीत असं जवळपास सगळे म्हणत होते. महिन्याभरात जलालाबादवर मोठा हल्ला झाला आणि नजीबच्या सैन्याने तो परतवला. ते एप्रिल १९९२ पर्यंत टिकले, म्हणजे मॉस्कोहून पैसा, इंधन आणि दारूगोळा येत होता तोपर्यंत. सोव्हिएत संघच डिसेंबर १९९१ मध्ये विसर्जित झाला, नळ बंद झाला, नजीबही संपले. नजीबची फौज त्यांची स्वतःची होती, वर्षानुवर्षं लढलेली. मॉस्कोने माणसं मागे नेली, रसद नेली नाही. २०२१ मध्ये अमेरिकेने माणसांबरोबर विमानं दुरुस्त करणारे कंत्राटदारही नेले, आणि त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये दोह्याला तालिबानशी करार करताना काबूलच्या सरकारला खोलीबाहेर ठेवलं. दोन्ही माघारी; फरक किती ते बघा. त्रिंकोमालीतली आपली माघार सैनिकी शिस्तीत पहिल्या जातीची होती, मागे ठेवलेल्या माणसांच्या बाबतीत दुसऱ्या.

आपण निघून आल्यावर तीन महिन्यांत, जून १९९० मध्ये, वाघांनी पूर्वेत शरण आलेल्या शेकडो पोलिसांना मारलं आणि प्रेमदासांशी त्यांचं युद्ध सुरू झालं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला त्यांनी राजीव गांधींना मारलं. १ मे १९९३ ला खुद्द प्रेमदासा. काका म्हणतील, बघा, तेव्हाच ठेचायला हवं होतं. पण ते युद्ध शेवटी २००९ च्या मे महिन्यात कसं संपलं तेही बघा. श्रीलंकेच्या लष्कराने, स्वतःच्या देशात, स्वतःच्या सरकारच्या पूर्ण पाठिंब्याने ते संपवलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या मते त्या शेवटच्या महिन्यांत ४०,००० पर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता आहे. वाघांना ‘ठेचायला’ लागणारी किंमत ही होती. ती किंमत भारतीय जवानाने तमिळ गावांकडून वसूल करावी, आणि मग मद्रासला उतरावं? मद्रासमध्ये तसंही काय झालं ते काकांना आठवत असेल. परतलेल्या फौजेच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. बंदरावर बँड होता, अधिकारी होते, घोषणा नव्हत्या. जवानांना ते लागलं, मलाही लागलं. करुणानिधींचं वागणं मला आजही पटत नाही, पण ज्या युद्धाला आपल्याच किनाऱ्यावरचे लोक आपलं म्हणत नाहीत ते किती काळ लढता येतं, याचं उत्तर त्या रिकाम्या धक्क्यावर होतं.

आपल्या महाराष्ट्रात या मोहिमेबद्दल इतकं कमी बोललं जातं याचं मला नवल वाटतं. सुरुवातीला सूत्रं होती ती दक्षिण कमांडच्या लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे, आणि त्या कमांडचं मुख्यालय आपल्या पुण्यात. कोलंबोजवळ आपल्या हुतात्म्यांचं स्मारक श्रीलंकेने बांधलं, नावं कोरली. ज्यांनी आपल्याला जा म्हटलं त्यांनीच. ते मला पुष्कळदा विचित्र वाटतं, आणि पुष्कळदा नाही.

करारातून एक गोष्ट उरली. नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि प्रांतिक परिषदा आल्या. उत्तर-पूर्व एकत्र प्रांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वेगळा केला, अधिकारही पुरते मिळालेले नाहीत, पण दिल्ली आणि कोलंबो आजही बोलतात ती त्या दुरुस्तीबद्दल. चार डिव्हिजनांनी जे धरून ठेवलं होतं त्यातलं हे एक कलम तेवढं उरलं आहे, आणि त्याला राखायला एकही पिकेट लागत नाही.

तेव्हा काकांना माझ्या वतीने एकच विचारा. त्यांची पलटन निघाली त्या सकाळी, गाड्यांत बसण्यापूर्वी, त्यांनी आपली पिकेट कोणाच्या ताब्यात दिली? नाव आठवलं तर मला जरूर कळवा. माझ्या तक्त्यात पूर्वेकडच्या बऱ्याच ठाण्यांपुढे आडवी रेघ आहे.